आधी हकीकत सांगा, मग धून वाजवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या फिडल (लोकसंगीतात वाजते ते व्हायोलिन) आणि बँजोवर वाजणाऱ्या बऱ्याच जुन्या धुना एकोणिसाव्या शतकातल्या ‘मिन्स्ट्रेल शो’मधून आल्या आहेत किंवा त्या खेळांतून गाजल्या आहेत. गोऱ्या नटांनी जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासायची आणि गुलामीत ठेवलेल्या माणसांच्या बोलीची, चालण्याची, हसण्याची टर उडवायची, यावर ते खेळ चालत. या धुना आज वाजवाव्यात का, असे विचारले की दोन उत्तरे ठरलेली असतात. ‘नुसती धून आहे, सुरांत कसला वंशद्वेष?’ हे एक, आणि ‘सगळेच बंद करा’ हे दुसरे. आम्ही ही वाद्ये वाजवतो आणि शिकवतो. आमच्या मते दोन्ही उत्तरे कष्ट टाळण्यासाठी दिलेली आहेत. प्रत्येक धून वेगळी तपासावी लागते, आणि जिथे श्रोत्याला तिची हकीकत सांगायला जागा नाही तिथे ती वाजवू नये. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांतली मुलेही शाळेच्या वाद्यवृंदात याच धुना शिकतात, म्हणून तपशिलात लिहीत आहोत.

आधी वाद्याबद्दल. बँजो हे मूळचे आफ्रिकी वळणाचे वाद्य. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगाल-गांबिया भागात जोला लोक वाजवतात त्या ‘अकोंटिंग’मध्ये आजही भोपळ्याचे पोकळ अंग, त्यावर ताणलेले कातडे आणि अंगठ्याने छेडायची आखूड तार दिसते. दक्षिण कॅरोलिनात १७८५ ते १७९० च्या सुमारास रंगवलेल्या ‘द ओल्ड प्लँटेशन’ या चित्रात मळ्यावरचा एक कृष्णवर्णीय वादक अशाच आखूड तारेचा बँजो वाजवताना दाखवला आहे. ती तार व्हर्जिनियाच्या जोएल स्वीनी या गोऱ्या कलावंताने शोधली, असे पुढे वर्षानुवर्षे छापले गेले. स्वीनीचा जन्मच १८१० चा आहे. १८३० च्या आसपास टॉमस राइस या गोऱ्या नटाने ‘जंप जिम क्रो’ हे गाणे नाचून नाव कमावले, आणि त्यातल्या जिम क्रो या पात्राचे नाव पुढे वर्णभेदाच्या कायद्यांना चिकटले. १८४३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’ ही चौघांची टोळी उभी राहिली: डॅन एमेट फिडलवर, बिली व्हिटलॉक बँजोवर, आणखी एकाच्या हाती हाडांच्या टिपऱ्या, एकाच्या हाती डफ. वाद्य ज्यांचे, वाजवण्याची रीत ज्यांची, त्यांचीच थट्टा करून तिकिटे विकली जात होती.

म्हणून ‘सगळेच बंद करा’ हे उत्तर आम्हाला पटत नाही. मिन्स्ट्रेलच्या चोपड्यांत कृष्णवर्णीय वादकांकडून उचललेले पुष्कळ काही अडकून पडले आहे. सरसकट बंदी घातली की सुक्याबरोबर ओलेही जळते, आणि ते ओले त्यांचे असते ज्यांची आधीच एकदा लूट झाली आहे.

धून तपासायची कशी? चार गोष्टी एकमेकांपासून वेगळ्या काढाव्यात: सूर, शब्द, नाव आणि वापर. चौघांचा उगम वेगळा असू शकतो. पहिली छापील प्रत शोधावी. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा लेव्ही संग्रह आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस यांनी जुनी छापील गाणी ऑनलाइन खुली ठेवली आहेत. मुखपृष्ठावरचे चित्र पाहिले की गाणे कोणाची टर उडवायला लिहिले होते ते बहुतेक वेळा तिथेच कळते. मग सगळी कडवी वाचावीत. हल्लीच्या पुस्तकात पहिले आणि तिसरे कडवे असेल तर दुसरे का गाळले, हा प्रश्न पडलाच पाहिजे. ‘ओ! सुझॅना’ घ्या. स्टीफन फॉस्टरचे हे १८४८ चे गाणे लहान मुलांच्या प्रत्येक संग्रहात सापडते. त्याच्या मूळ दुसऱ्या कडव्यात विजेच्या झटक्याने पाचशे कृष्णवर्णीय माणसे मेल्याचा विनोद आहे, आणि त्यांच्यासाठी वापरलेला शब्द आम्ही इथे छापायला देणार नाही. गाणे शिकवणाऱ्याला एवढे ठाऊक असलेच पाहिजे. एकाच धुनेची चार-पाच नावे असतात, तीही धुंडाळावीत. जुने नाव सापडत नाही तोवर तपास पुरा झाला असे मानू नये.

या शोधात एक खड्डा आहे. धुनांच्या पुस्तकांत ‘अमक्याकडून घेतली’ म्हणून जी नावे असतात, ती बहुतेक १९२० च्या दशकातल्या गोऱ्या वादकांची. ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी तेव्हा बाजाराचे दोन भाग केले होते. कृष्णवर्णीयांसाठी ‘रेस’ नावाची यादी होती, तीत मुख्यतः ब्लूज. ग्रामीण गोऱ्यांसाठी ‘हिलबिली’ यादी होती, फिडल तिच्यात गेले. कृष्णवर्णीय फिडलवादक दोन्हींत बसेनात, त्यामुळे फारच थोड्यांचे ध्वनिमुद्रण झाले. त्याच सुमारास मोटार कारखानदार हेन्री फोर्ड जॅझला उतारा म्हणून जुन्या फिडलचा आणि जुन्या नाचांचा पैसे ओतून प्रचार करत होते. तबकडीवर गोरे नाव आहे म्हणून धूनही गोऱ्यांची, हा निष्कर्ष त्यामुळे कच्चा ठरतो. कान तयार करायचे असतील तर नॅशव्हिलचे नेथन फ्रेझर आणि फ्रँक पॅटरसन यांची १९४२ ची मुद्रणे ऐकावीत. टेनेसीच्याच मर्फ ग्रिबल, जॉन लस्क आणि अल्बर्ट यॉर्क यांची १९४६ ची ऐकावीत. उत्तर कॅरोलिनातले जो थॉम्पसन तर २०१२ पर्यंत हयात होते. तरुण कृष्णवर्णीय वादकांनी त्यांच्या घरी बसून विद्या घेतली, त्यातूनच ‘कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स’ हा संच उभा राहिला.

आता काही धुना, आणि त्यांबद्दलचा आमचा निवाडा.

‘टर्की इन द स्ट्रॉ’. अमेरिकेत ही आइस्क्रीमच्या गाडीची धून म्हणून घराघरांत माहीत आहे. सुरांचे नाते अठराव्या शतकातल्या ‘रोझ ट्री’ या ब्रिटिश-आयरिश चालीशी सांगितले जाते. पण १८३४ मध्ये ती ‘झिप कून’ म्हणून छापली गेली. उत्तरेतल्या शहरांत राहणारा, चांगले कपडे घालणारा स्वतंत्र कृष्णवर्णीय माणूस हे तिच्यातले हास्यपात्र होते, आणि नावातला दुसरा शब्द उघड शिवी आहे. १९१६ मध्ये कोलंबिया कंपनीच्या तबकडीवर याच चालीत कलिंगड आणि त्याहून वाईट शिवी जोडलेले गाणे निघाले. म्हणजे शंभर वर्षांच्या टप्प्यात ही चाल पुन्हा पुन्हा त्याच कामाला जुंपली गेली. इथे ‘फक्त सूर वाजवतो’ हा बचाव लंगडा पडतो, कारण ज्यांच्या घरात ती शिवी येऊन गेली त्यांना शब्दांची गरज लागत नाही. गाडीच्या भोंग्याला निवेदन करता येत नाही. २०२० मध्ये गुड ह्यूमर कंपनीने रॅपर आरझा यांच्याकडून आइस्क्रीमच्या गाड्यांसाठी नवी धून करून घेतली, ते योग्यच झाले. नाच, जत्रा, मुलांचा कार्यक्रम, पार्श्वसंगीत यांतून ही धून काढावी असे आमचे स्पष्ट मत आहे. व्याख्यानासह होणाऱ्या मैफलीत, ‘झिप कून’चे मुखपृष्ठ पडद्यावर दाखवून वाजवली तर ती शिकवते.

‘जिंगल बेल्स’. १८५७ मध्ये बॉस्टनच्या ऑर्डवे हॉलमध्ये हे गाणे काजळी फासलेल्या गायकाने म्हटले होते. पण शब्दांत कोणाची टर नाही, चाल पुढे शिवीगाळीला जुंपली गेली नाही, आणि ऐकणाऱ्याच्या मनात तो रंगमंच उभा राहत नाही. वाजवावी. उगम वाईट ठिकाणी झाला एवढ्यावर आम्ही कोणतीही धून बाद करत नाही. एखादी शिवी किती काळ आणि किती जणांच्या तोंडी त्या चालीला चिकटून राहिली, हे आम्ही मोजतो.

‘माय ओल्ड केंटकी होम’बद्दल थोडे थांबून लिहावे लागेल, कारण इथे सुधारणेनेच घोळ केला. फॉस्टरने हे १८५३ मध्ये प्रसिद्ध केले. ‘अंकल टॉम्स केबिन’ ही गुलामगिरीविरोधी कादंबरी नुकतीच गाजली होती आणि गाण्याच्या कच्च्या खर्ड्यात टॉमचेच नाव होते. विषय असा: केंटकीतल्या गुलामाची ताटातूट होते, त्याला दक्षिणेकडे उसाच्या मळ्यावर पाठवले जाते, तिथे मान खाली आणि पाठ वाकलेली, आणि सुटका फक्त मरणात. हे सगळे दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यात येते. १९२८ मध्ये केंटकीने ते राज्यगीत केले. १९८६ मध्ये, विधिमंडळातले कृष्णवर्णीय सदस्य कार्ल हाइन्स यांच्या ठरावाने, त्यातला कृष्णवर्णीयांसाठीचा हीन शब्द काढून ‘पीपल’ हा शब्द घातला गेला. दोन्ही शब्द दोन उच्चारखंडांचे आणि आघात पहिल्यावर, त्यामुळे चालीत ठिगळ कुठेच दिसत नाही. हीन शब्द गेला हे हवेच होते. पण घोड्यांच्या डर्बी शर्यतीआधी लोक गातात ते फक्त पहिले कडवे आणि ध्रुवपद. उन्हाळा आहे, माणसे आनंदात आहेत, घराची आठवण येते आहे. विकला गेलेला माणूस गायब! कोण रडतो आहे आणि का, हे हजारो गाणाऱ्यांना कळत नाही. आमचे म्हणणे असे, की हे गाणे म्हणायचे तर तिन्ही कडवी म्हणा, चाल उत्सवी करू नका, आणि आधी दोन वाक्यांत सांगा की हे विकल्या गेलेल्या माणसाचे गाणे आहे. तेवढा वेळ नसेल तर दुसरे गाणे निवडा.

स्वतः गुलामीतून निसटलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांनी १८४८ मध्ये काजळी फासणाऱ्या नटांना गोऱ्या समाजातला गाळ म्हटले होते. त्याच डग्लस यांनी १८५५ मध्ये म्हटले, की केंटकीच्या या गाण्यासारखी गाणी गुलामाबद्दल सहानुभूती जागवतात. नटांना झोडपणारा माणूस गाणे मात्र वेगळे तोलत होता. धून-धून तपासण्याची रीत आम्ही त्यांच्याकडूनच घ्यावी, असे आम्हाला वाटते.

रचनाकार कृष्णवर्णीय असला की परवाना मिळतो, असेही नाही. ‘कॅरी मी बॅक टू ओल्ड व्हर्जिनी’ हे १८७८ चे गाणे जेम्स ब्लँड या कृष्णवर्णीय रचनाकाराचे. त्यात सुटका झालेला म्हातारा जुन्या मालकासाठी झुरतो. त्या काळी रंगमंचावर विकले जाई ते असे. व्हर्जिनियाने १९४० मध्ये ते राज्यगीत केले आणि १९९७ मध्ये सन्मानाने निवृत्त केले. हे गाणे सामूहिक गायनात घेऊ नये. ब्लँड यांच्या आयुष्यावरच्या कार्यक्रमात जरूर घ्यावे.

उलट उदाहरण ‘रन, जॉनी, रन’चे. १९२० च्या दशकातल्या तबकड्यांवर ‘जॉनी’च्या जागी कृष्णवर्णीयांसाठीची शिवी आहे, आणि नाव पाहूनच अनेक वादक ही धून टाकून देतात. पण गाणे गुलामीतल्या माणसांचे स्वतःचे आहे. १८६७ मध्ये निघालेल्या ‘स्लेव्ह साँग्ज ऑफ द युनायटेड स्टेट्स’ या संग्रहात ते आहे. परवाना नसताना मळ्याबाहेर सापडलेल्या गुलामाला फटके मारणारी गस्त, त्यांच्या बोलीत ‘पॅटरोलर’, मागे लागली आहे, पहाट व्हायच्या आत पळ, असा मजकूर. इथे शिवी काढून ‘जॉनी’ घालावे आणि गस्त ठेवावी. बरेच जण नेमके उलटे करतात. जॉनी ठेवतात आणि गस्तीची ओळ अवघड म्हणून गाळतात. मग जीव मुठीत धरून पळणारा माणूस पकडापकडी खेळणाऱ्या पोरासारखा वाटू लागतो.

‘अँजलीन द बेकर’ आज जवळजवळ प्रत्येक बैठकीत डी स्वरात वाजते. ती फॉस्टरच्या १८५० च्या ‘अँजेलिना बेकर’मधून आली. मूळ गाणे मिन्स्ट्रेल बोलीतले, थट्टेने भरलेले. तरी त्यात निघून गेलेल्या बाईसाठी रडणारा माणूस आहे, आणि ती मालकामागे लागून गुलामीतल्या तरुणांना मुक्त करा म्हणत असे, अशीही ओळ आहे. हल्लीच्या शब्दांत थट्टाही उरली नाही आणि ती ओळही नाही. ही धून आम्ही वाजवतो. नाव सांगताना फॉस्टरचे नाव आणि साल सांगतो.

‘डिक्सी’ सर्वांत अवघड. १८५९ मध्ये एमेटने न्यूयॉर्कच्या मिन्स्ट्रेल मंचावर आणली. १८६१ मध्ये, गुलामगिरीसाठी लढणाऱ्या दक्षिणेतल्या राज्यांचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांच्या शपथविधीला वाजली आणि त्या राज्यांचे अघोषित राष्ट्रगीत झाली. एप्रिल १८६५ मध्ये लिंकननी ती वाजवायला लावली, हे तिच्या बाजूने नेहमी सांगतात. पण पुढच्या शंभर वर्षांत ती वर्णभेदाच्या समर्थकांच्या सभांत वाजली, त्याचे काय? मिसिसिपी विद्यापीठाने २०१६ मध्ये आपल्या खेळांच्या सामन्यांतून ती काढली. ओहायोतल्या स्नोडेन या कृष्णवर्णीय वादक कुटुंबाच्या थडग्यावर ‘यांनी एमेटला डिक्सी शिकवली’ असे कोरले आहे. त्या दाव्यावर अभ्यासकांत वाद आहे, पण एमेट त्याच भागातला आणि ते कुटुंब तिथले नावाजलेले वादक, हे खरे. आमचा सल्ला: ही धून जमावाने गाण्यासाठी कधीही सुरू करू नये. ध्रुवपदातला जयघोष श्रोत्यांनी उचलला की मैफलीची सभा होते आणि वादकाच्या हातात काही उरत नाही. जॅझ गायिका रेने मरी यांनी २००१ मध्ये ‘डिक्सी’ला लिंचिंगवरच्या ‘स्ट्रेंज फ्रूट’शी जोडले. त्यात निवेदनाचे काम संगीतानेच केले आहे. तेवढी ताकद नसेल तर हात लावू नये.

निवेदन कसे करावे हेही सांगतो, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतात. ते धून वाजवण्याआधी करावे. नंतर सांगितले तर टाळ्या वाजवून बसलेल्या श्रोत्याला आपण फसवलो गेलो असे वाटते. अर्धे-पाऊण मिनिट पुरे, सहा-सात वाक्ये. साल, मूळ नाव, कोणी कोणाची टर उडवली, सुरांत कृष्णवर्णीय वादकांचा वाटा कोणता, आणि आज आपण ती का निवडली, एवढे त्यात यावे. ‘का’चे उत्तर एका वाक्यात देता येत नसेल तर धून यादीतून काढावी. ‘ऐकायला छान वाटते’ हे उत्तर धरू नये, छान वाटणाऱ्या दुसऱ्या शेकडो धुना आहेत. शिवी उच्चारू नये, ‘मूळ नावात शिवी आहे’ म्हटले की कळते. विनोद करू नये. पाच मिनिटे माफीही मागू नये, कारण मग सगळे लक्ष वादकाच्या चांगुलपणावर जाते आणि ज्यांची टर उडवली ती माणसे बाजूला राहतात. मिन्स्ट्रेल बोलीचे उच्चार अस्सलपणाच्या नावाखाली करू नयेत. ती बोली मुळात नकलाकारांनी रचलेली आहे, तिच्यात अस्सल काही नाही.

ध्वनिचित्रफितीचा धोका वेगळा. कार्यक्रमात निवेदन झाले तरी लोक फक्त धुनेचा तुकडा कापून पसरवतात. उपाय सोपा आहे: बँजोवर पहिला भाग हलक्या हाताने चालू ठेवून त्यावरच बोलावे, म्हणजे बोलणे कापले की धूनही कापली जाते. चित्रफितीच्या शीर्षकात दोन्ही नावे आणि साल टाकावे.

नाव गुपचूप बदलणे ही सर्वांत जास्त होणारी चूक. नवे निरुपद्रवी नाव घेतले की वादक सुटला, पण पुढच्या पिढीला शोधायला धागाच उरत नाही. नाव बदलावे आणि बदलल्याचे सांगावे. चॉकलेट ड्रॉप्सने एमेटच्या चोपडीतल्या एका जुन्या तुकड्याला ‘स्नोडेन्स जिग’ म्हटले आणि मूळ नाव कंसात तसेच ठेवले. २०१० च्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेवर दोन्ही वाचता येतात. शब्द बदलायला कायद्याची आडकाठी नाही. प्रकाशित होऊन ९५ वर्षे उलटलेली गाणी अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मोकळी असतात. फक्त एखाद्या हयात कलावंताची मांडणी जशीच्या तशी उचलू नये.

नाचाच्या कार्यक्रमात निवेदनाला जागा नसते. नाच सांगणारा पावले समजावत असतो, लोक जोडीदार शोधत असतात. तिथे पर्यायी धून तयार ठेवावी लागते, आणि ती कोणतीही चालत नाही. कॉन्ट्रा या समोरासमोरच्या रांगांत जोडीने करायच्या नाचाला ३२ मापांची (तालाच्या आवर्तनांची), दोन भाग प्रत्येकी दोनदा अशी धून लागते. स्वरही तोच हवा. बँजो जी स्वरासाठी एका जुळणीत असतो, डीसाठी दुसऱ्या. मधेच स्वर बदलला तर दोन-तीन तारा जुळवण्यात मिनिट-दोन मिनिटे जातात आणि नाचणारे उभे राहतात. ‘टर्की इन द स्ट्रॉ’ सहसा जीमध्ये वाजते, तिच्या जागी त्याच स्वरातली ‘लेदर ब्रिचेस’ किंवा ‘बिग सायोटा’ बसते. ‘लेदर ब्रिचेस’ला काही वादक तिसरा भाग जोडतात, नाचासाठी तो गाळावा, नाहीतर पावले आणि धून यांची फारकत होते. डीमध्ये ‘सोल्जर्स जॉय’ आहेच.

खुल्या बैठकीत, जिथे कोणीही धून सुरू करतो, तिथे यजमानाने सुरुवातीलाच एक वाक्य सांगावे: ‘अमुक दोन-तीन धुना इथे वाजवत नाही, का ते मध्यंतरात सांगतो.’ कोणी अजाणतेपणी सुरू केलीच तर मधेच थांबवून त्याचा पाणउतारा करू नये. एक फेरी झाली की पाय वर करावा. बैठकीत थांबण्याची खूण तीच असते, कोणाला काही वाटत नाही. नंतर बाजूला घेऊन सांगावे. बैठकीतल्या एकट्या कृष्णवर्णीय वादकाला ‘तुला चालेल ना?’ असे सर्वांसमोर कधीही विचारू नये. तो ‘नाही’ म्हणाला तर रंगाचा बेरंग केल्याचा दोष त्याच्यावर, ‘हो’ म्हणाला तर सर्वांच्या वतीने परवानगी दिल्याचे ओझे त्याच्यावर. निर्णय यजमानाने घ्यायचा असतो. आणि कृष्णवर्णीय कलावंतांना बोलवायचे ते पूर्ण मानधन देऊन, त्यांच्या आवडीच्या धुना वाजवायला. फक्त या विषयावर बोलायला बोलावणे अपमानाचे आहे.

शाळेसाठी आमचे मत कडक आहे. दहा वर्षांखालच्या मुलांना या धुना देऊच नयेत. त्यांना हकीकत पेलत नाही, आणि हकीकतीविना धून देणे म्हणजे पुन्हा तेच. चौदा-पंधराच्या मुलांना मात्र मुखपृष्ठ, सगळी कडवी आणि ग्रिबल-लस्क-यॉर्क यांचे ध्वनिमुद्रण एकत्र द्यावे. शिक्षकांनी पुस्तकातल्या शेतावरच्या टर्कीच्या चित्रावर विसंबू नये.

‘परंपरा मरेल’ ही भीती नेहमी घातली जाते. इंग्लंडमधल्या मॉरिस नाचाच्या तिन्ही संघटनांनी जुलै २०२० मध्ये संपूर्ण चेहरा काळा रंगवणे थांबवण्याचे ठरवले. अनेक पथकांनी हिरवा-निळा रंग घेतला आणि नाच चालू आहेत. अमेरिकेत पश्चिम व्हर्जिनियातल्या क्लिफटॉपला दर उन्हाळ्यात या संगीताचा मोठा मेळा भरतो. ज्या आवारात तो भरतो ते कँप वॉशिंग्टन-कार्व्हर १९४२ मध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी सुरू झाले, कारण गोऱ्या मुलांच्या शिबिरांत त्यांना प्रवेश नव्हता. तिथे फिडल घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असावे असे आम्हाला मनापासून वाटते.

आपल्याला एक विनंती. आपल्या पुरवण्यांत अमेरिकी लोकसंगीतावर मजकूर येतो तेव्हा धुनेच्या प्रचलित नावाबरोबर पहिल्या छपाईचे साल आणि रचनाकाराचे नाव द्यावे. जुन्या नावात शिवी असेल तर शिवी न छापता तसे नमूद करावे. आणि बँजोचा उल्लेख ‘अमेरिकी वाद्य’ एवढ्यावर न थांबवता त्याचे आफ्रिकी मूळही छापावे.

आपले,
जुन्या वळणाचे फिडल आणि बँजो वाजवणारे व शिकवणारे काही वाचक